आपत्काळातील स्वकर्म
घरात दीर्घ आजारपण येते, अथवा मिळवता हात थांबतो, तेव्हा गृहस्थापुढे दोन प्रश्न उभे राहतात : चालू उद्योग सोडावा काय, आणि मुलांच्या शिक्षणाचे काय करावे?

‘गीतारहस्या’चे हिंदी भाषांतरकार पं. माधवराव सप्रे यांचे चरित्र या बाबतीत उद्बोधक आहे. १९०८ साली ‘हिंदी केसरी’तील लेखांवरून त्यांस राजद्रोहाखाली अटक झाली. वडील बंधूंच्या आग्रहास्तव त्यांनी क्षमापत्र दिले. पण त्या शल्याने ते काही काळ भिक्षान्नावर राहिले. पत्र सुटले, लोकशिक्षणाचे व्रत सुटले नाही. दासबोधाचा हिंदी अनुवाद, रायपुरातील मुलींची पाठशाळा आणि १९२० साली जबलपुरात त्यांच्या प्रेरणेने निघालेले ‘कर्मवीर’ पत्र, ही त्या एकाच व्रताची रूपे होत.

उद्योगाचे रूप प्रसंगानुसार पालटण्यास गीतेची आडकाठी नाही. मोहाने किंवा क्लेशाच्या भयाने केलेला कर्मत्याग मात्र तिला मान्य नाही. हाच न्याय शिक्षणास लावावा. खर्चाची शाळा सोडून साधी शाळा पत्करणे हा रूपबदल होय; मुलाचे शिकणेच थांबविणे हा कर्तव्यत्याग होय.

‘फी कोठून भरावी या विवंचनेत निष्कामतेचा उपदेश कशास?’ असा आक्षेप येईल. परंतु फीची तजवीज करणे हे कर्म आहे. मुलाने पुढे आपले ऋण फेडावे ही अपेक्षा हे फल आहे. ते ओझे उतरले, म्हणजे मातापितरांस मुलाची खरी योग्यता दिसू लागते, आणि घरच्या दुःखाची भरपाई लेकराकडून मागितली जात नाही.