दुसऱ्या पाण्याची चाय

आमच्या नागपूरकडं चहा नसतो, चाय असते. आणि ती करत नाहीत, मांडतात. घरवाली गेल्यापासून सकाळची चाय मीच मांडतो. पाणी तापलं की आल्याचा तुकडा ठेचून टाकायचा, मग साखर, मग पत्ती. पत्ती इतवारीतून वजनावर आणलेली, सुटी, दाणेदार. दोन उकळ्या आल्या की दूध. दूध वर आलं की गंज उतरवायचा, मिनिटभर झाकून ठेवायचा आणि गाळायचं. चाळणीत उरलेला चोथा मी गुलाबाच्या बुडाशी टाकतो. टाकताना दरवेळी माय आठवते. तिनं हा चोथा असा टाकू दिला नसता.

मायच्या चुलीवर चाय दोनदा व्हायची. पहिल्या पाण्याची बाबांना, पाहुण्यांना आणि आम्हा पोरांना बशीभर. मग त्याच चोथ्यावर पाणी ओतून, गुळाचा खडा टाकून ती खूप वेळ उकळायची. गुळाची म्हणून दूध नाही. ही दुसऱ्या पाण्याची चाय सालदाराला आणि निंदणाच्या बायांना. आसामात १९३०च्या सुमारास चहाचं पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करणारं यंत्र निघालं. त्या दाण्यातला रंग आणि कडकपणा पहिल्याच उकळीत बाहेर पडतो. दुसऱ्या पाण्यात कितीही उकळा, तुरटपणा तेवढा उतरतो. हे मायला यंत्र माहीत नसूनही ठाऊक होतं.

पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माय स्वतःही दुसऱ्याच पाण्याची प्यायची. कोरडवाहू वावर, रेशनची साखर आणि बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. पत्ती पुरवून वापरावी लागे. म्हणून दुसऱ्या पाण्याचा दोष मी तिला देत नाही.

दोष आहे तो कपाचा. सालदाराचा कप वळचणीला असायचा. कान तुटलेला. आला की तो स्वतः कप काढायचा, विसळायचा, पुढं धरायचा. माय वरून चाय ओतायची. पिऊन झालं की धुऊन पुन्हा वळचणीला. त्याला ताप आला तर हीच माय काढा करून त्याच्या घरी पाठवायची. त्याच्या पोरीच्या लग्नात तिनं लुगडं दिलं. मी त्याच्यापेक्षा सव्वीस वर्षांनी लहान, पण त्याला नावानं हाक मारायचो, अरे-तुरे करायचो. कोणी मला टोकलं नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी नागपुरात लाखो लोकांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या गर्दीत आमचा सालदार होता, विशीतला. दरसाल दसऱ्याला तो सुट्टी मागून दीक्षाभूमीवर जायचा. बाबा सुट्टी द्यायचे, वर भाड्याला पैसेही द्यायचे. परत आला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कप.

१९७४ला तो दीक्षाभूमीवरून आला आणि दुसऱ्या दिवशी वळचणीकडं गेलाच नाही. म्हणाला, "मले चाय नोको बाई. पित्त होते."

चार दिवस माय विचारत राहिली. मग मला म्हणाली, "उद्यापासून त्याले पयल्या पाण्याची देतो." दिली. दूध घातलेली, साखरेची. त्यानं हात जोडले, पण घेतली नाही. पुढं अकरा वर्षं तो आमच्याकडं राबला, चायचा घोट घेतला नाही. त्यातली शेवटची पाच वर्षं मालक मी होतो.

आता विचार करतो. पत्तीला पैसा लागत होता, तिथं माय हात सैल करायला तयार झाली. फडताळातला कप द्यायला एक पैसा लागत नव्हता, तिथं आम्हाला काही सुचलं नाही. सुचलं नाही म्हणतो, तेही खोटं. मास्तरांनी शाळेत महाडच्या चवदार तळ्याची, १९२७ची गोष्ट सांगितली होती. ऐकताना मला तो कप दिसला होता. पण तळं दूर होतं आणि वळचण घरची होती. मोठा झाल्यावर कोणी विचारलं की मी सांगायचो, "त्याले पित्त होते." त्याचं खोटं मी माझ्या कामी लावलं.

लोक विचारतात, मायेनं वागणाऱ्या माणसाचा भेदही पापच का? मला वाटते, तो जास्त दिवस टिकतो. शिवी देणाऱ्या मालकाशी भांडता येते. लुगडं देणाऱ्या बाईशी कसं भांडणार? मग माणूस पित्त झालं म्हणतो.

आता वावरात कागदी कप आले. प्यायचा, फेकायचा. कोणाचा कप कोणी धुवायचा, हा सवालच मिटला. भेद गेला असं म्हणतात. मी म्हणतो, सवाल झाकला गेला. म्हणून मी स्टीलचे पेले नेतो, एकाच गंजातली चाय सगळ्यांना ओततो आणि पेले धुतो. यात मोठेपणा नाही. पन्नास वर्षं उशीर झालेलं काम आहे.

मागच्या हिवाळ्यात नागपुरात त्यांच्या मुलाकडं त्यांना भेटायला गेलो. नव्वदीला टेकलेत. सुनेनं चाय आणली, एकसारखे तीन कप. त्यांनी फुंकर मारून घोट घेतला. मी म्हटलं, "काका, पित्त?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काका म्हटलं. ते माझ्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "थंडी होऊन राह्यली, भाऊ. प्या."

पिऊन झाल्यावर मी माझा कप धुवायला उठलो. सुनेनं तो हातातून घेतला आणि बाकीच्या दोन कपांसोबत मोरीत नेऊन ठेवला.