सोडून गेलेला शिष्य



सिंहगड-राजगड-तोरण्याची डोंगरधाव असते तेव्हा वेल्ह्याच्या वाटांवर पळणारी मंडळी आपण पाहतो. त्यांना शिकवणारा मात्र कोणाला दिसत नाही. अशाच एका शिकवणाऱ्याविषयी आज बोलू या.

निकोलाय स्नेसारेव्ह हे बेलारूसचे. २००५ साली ते आपल्या देशात लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवायला आले. भाषा वेगळी, अन्न वेगळे, शिस्त कडक. सावरपाड्याची कविता राऊत त्यांच्याकडे शिकली. २०१० च्या आशियाई स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. माण तालुक्यातील ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये तीनदा भारतीय महिलांत पहिली आली होती. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली ती २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली.

मग आला बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे. आईवडील वीटभट्टीवर राबलेले, मुलगा सैन्यात. २०१८ साली त्याने या गुरूला सोडले आणि दुसऱ्या प्रशिक्षकाकडे गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्नेसारेव्हही राजीनामा देऊन निघून गेले.

दोन वर्षांनी त्यांना पुन्हा बोलावणे आले, तेही त्याच अविनाशची ऑलिंपिकची तयारी करून घेण्यासाठी! वय बहात्तर. नाही म्हटले असते तर कोणी दोष दिला नसता. ते आले. ५ मार्च २०२१ रोजी पतियाळाच्या वसतिगृहातील खोलीत ते मृतावस्थेत सापडले. बाराच दिवसांनी, त्याच पतियाळात, अविनाशने ८ मिनिटे २०.२० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला.

संत पौलालाही मार्क असाच सोडून गेला होता. पुढच्या प्रवासाला त्याला न्यायचेच नाही, म्हणून पौल बर्णबाशी भांडला आणि दोघे वेगळे झाले. (संतांचीही भांडणे होतात, हे प्रेषितांची कृत्ये लपवीत नाहीत.) पण तिमथीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय घरी उघडून पाहा. आपण धाव संपवली असे पौल जिथे लिहितो, तिथेच थोडे पुढे तो मार्कला सोबत घेऊन ये, असे कळवतो. तुरुंगातल्या म्हाताऱ्याला तोच हवा होता.

आपल्या धर्मग्रामातली मुले भोरहून पुण्याला, मुंबईला जातात. धर्मशिक्षणाच्या वर्गात ज्यांनी त्यांना घडवले, त्यांना वाटते, इतके केले आणि फोनसुद्धा नाही. मुलगा नाताळला येतो, मागच्या बाकावर बसतो. आपण पुढे बसून मान वळवत नाही.

आज मिस्सा संपल्यावर थोडे थांबू या. मागच्या बाकावरच्यांना निघायची घाई असते. त्यांना दारातच गाठावे लागेल.