निकाल न लागणाऱ्या कुस्त्या

वरळीच्या जांबोरी मैदानाच्या कठड्यावर चार पोरे हमरीतुमरीवर आली होती. वाद क्रिकेटचा नव्हता, राजकारणाचाही नव्हता. बाकी हानमा भारी की तोकिता ओहमा? दोघेही जपानी मांगातले लढवय्ये, म्हणजे कागदावरचे. एकाचे म्हणणे, ओहमाकडे डाव जास्त. दुसऱ्याचे म्हणणे, बाकीचा बाप युजिरो आहे, विषय संपला. मला राग आला तो त्यांच्या आवाजाचा नव्हे, खात्रीचा. जो जन्मालाच आला नाही, त्याच्या मनगटाची एवढी खात्री कुठून येते?

मांगा म्हणजे काय हे सांगत बसत नाही. घरात पंधरा वर्षांचे कोणी असेल तर तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

ही तक्रार मी नानांपाशी केली. नाना गिरणीतले, आणि दारा सिंगचे भक्त. ते म्हणाले, "आम्ही पण भांडायचो रे. पण खऱ्या माणसांवरून. दारा सिंग की किंगकाँग! ही कसली भांडणं, चित्रांची?" मी मान डोलावली. कुस्ती दोन प्रकारची असते, निकाली आणि गुणांवरची. निकालीत पाठ मातीला लागेपर्यंत सुटका नाही. गुणांवरच्या कुस्तीत घड्याळ आणि पंच ठरवतात. वादांचेही तसेच आहे, असे माझे जुने मत. काही वाद निकाली निघू शकतात, काहींत नुसते गुण मोजत बसायचे. नानांचा वाद पहिल्या जातीचा आणि पोरांचा दुसऱ्या, असे मी मनाशी ठरवून टाकले.

पण दारा सिंग–किंगकाँगचा निकाल तरी कुठे लागला आहे? दारा सिंगच्या जमान्यात फ्रीस्टाइल कुस्त्यांनी वरळीचे वल्लभभाई पटेल स्टेडियम गाजवले. तेव्हापासून एक संशय पाठ सोडत नाही, की त्या नुरा होत्या, आधी ठरवून खेळलेल्या. नाना हे ऐकून घेत नाहीत. "मी तिथं होतो," एवढाच त्यांचा पुरावा. आता स्टँडमध्ये बसलेल्याला किंगकाँग पडला हे दिसते. तो पाडला गेला की आपण होऊन पडला, हे कसे दिसणार? 29 मे 1968 ला मुंबईतच दारा सिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवले. थेझ हा खऱ्या कुस्तीचा दर्दी, त्यामुळे नानांचा ऊर तिथे भरून येतो. पण तो सामनाही तिकिटे लावून भरवलेल्या व्यावसायिक कुस्तीचाच होता. नानांची जिद्द मला आवडते, त्यांचा युक्तिवाद मात्र अजिबात आवडत नाही.

इथे थोडे भरकटतो, कारण मजा आहे. याच किंगकाँगला 1955 साली जपानमध्ये रिकिदोझान या मल्लाने हरवले. रिकिदोझानचे दोन नामांकित चेले म्हणजे जायंट बाबा आणि अँटोनियो इनोकी. पुढे केइसुके इतागाकी या चित्रकाराने 'बाकी' लिहायला घेतले, 1991 साली, तेव्हा या दोघांवर बेतलेली पात्रे त्याने अख्खी उचलून आपल्या आखाड्यात सोडली. म्हणजे 'अ ने ब ला पाडले, ब ने क ला पाडले' या पोरांच्या हिशेबाने वरळीच्या स्टेडियमपासून युजिरोपर्यंत एक साखळी सरळ लावता येते. नानांना हे सांगितले तेव्हा त्यांनी विषय बदलला.

ही साखळी अर्थातच खोटी. कोणताही वस्ताद सांगेल, कुस्ती जोडीची असते. एकाचा पट दुसऱ्यावर चालतो, तिसऱ्यावर चालत नाही. मांगाकारांनाही ते कळते. 'ड्रॅगन बॉल'मध्ये अकिरा तोरियामाने ताकद मोजायचे यंत्रच काढले. गोकू आठ हजारांच्या वर, फ्रीझा 5 लाख 30 हजार. पण आकडा लपवताही येतो आणि लढताना तो चढतोही, हे त्याने कथेतच दाखवले आणि पुढे तर आकडेच सोडून दिले.

बरे, दारा सिंग बाजूला ठेवू. खाशाबा जाधवांच्या कुस्तीत नुराचा प्रश्नच नाही. 1952, हेलसिंकी, कांस्यपदक. सुवर्ण गेले जपानच्या शोहाची इशीला. इशीशी झुंजल्यावर पुरती विश्रांती न देता खाशाबांना सोव्हिएत मल्लासमोर उभे केले, ही हळहळ महाराष्ट्रात अजून ऐकू येते. विश्रांती मिळाली असती तर? इतकी खरी कुस्ती, आणि तिच्यावरचा वाद शेवटी 'असते तर'वर येऊन थांबतो. आणि 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली की नाही यावरून हरलेल्या मल्लाने पंचालाच लाथ मारली, तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. कॅमेरे होते, पंच होते, हजारोंचे डोळे होते. वाद मिटला नाही.

म्हणून आता मला नानांची बाजू सोडावी लागते. हाडामांसाच्या माणसांवरचा वाद निकाली असतो हा आपला भ्रम आहे. उलट त्या पोरांकडे एक गोष्ट आहे जी नानांकडे नाही: पान. ओहमाने कोणता डाव टाकला, कुणाविरुद्ध, किती जखमी असताना, हे सगळे दोघांसमोर सारखेच उघडे आहे. एकाने थाप मारली की दुसरा खंड उघडून दाखवतो. 'मी तिथं होतो' हे तिथे चालत नाही, कारण तिथे कुणीच नव्हते किंवा सगळेच होते. कुस्ती काल्पनिक असली तरी तिच्यावरचा वाद अधिक सचोटीचा आहे.

आपल्या मैदानी कुस्त्यांची अशी पाने फारशी नाहीत. कोणती जोड, किती मिनिटे, कोणता डाव, हे बहुतेक वस्तादांबरोबर गेले. जे थोडे उरले असेल ते हँडबिले, तिकिटांचे तुकडे, जत्रेच्या फडाचे फोटो अशा रूपात जुन्या ट्रंकांमध्ये असणार. वरळीच्या बीडीडी चाळींतून ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, बाकीचीही जातील. सामान बांधताना तसा एखादा कागद हाती लागला तर रद्दीत घालू नका. त्याच्या मागे तारीख आणि दोन्ही पैलवानांची नावे तेवढी लिहून ठेवा.