आसनांचा हिशेब

जगाचा अंत झाल्यानंतरचे जग कल्पून खेळावयाचे जे भूमिका-खेळ आहेत, त्यांत वाहनाला असाधारण महत्त्व असते. फासे, कागद-पेन्सिल आणि एक सूत्रधार एवढ्या सामग्रीवर हा खेळ चालतो. सूत्रधाराने वर्णिलेल्या उजाड भूमीवरून बाकीचे खेळाडू आपापल्या पात्राच्या पायांनी हिंडत असतात. १९७८ मधील ‘गामा वर्ल्ड’ आणि १९८४ मधील ‘ट्वायलाइट : २०००’ हे या परंपरेतील ठळक खेळ होत. पुढे १९९७ पासून ‘फॉलआउट’ या संगणकीय मालिकेने तशीच भूमी पडद्यावर आणली, आणि १९९८ मधील तिच्या दुसऱ्या भागात ‘व्हर्टिबर्ड’ नावाचे विमान अवतरले. पंखांच्या टोकांवरील रोटर आकाशाकडे वळवून असे विमान सरळ वर उठते आणि मग तेच रोटर पुढे झुकवून वेगाने मार्गस्थ होते. धावपट्ट्या उखडून गेलेल्या जगात असे टिल्टरोटर ज्याच्या हाती, त्याच्या हाती इतरांचे प्राणही असतात.

भिलाईच्या सेक्टर १० मधील एखाद्या क्वार्टरमध्ये चार मुले असा डाव मांडून बसली आहेत, असे समजावे. त्यांच्या पात्रांना एक मोडके लष्करी टिल्टरोटर सापडले आहे आणि ते नव्याने सज्ज करावयाचे आहे. या गावात ही कल्पना उपरी वाटणार नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले, आणि कारखान्याशेजारी आखून वसविलेली ही सेक्टरांची वस्ती दुरुस्तीच्या भाषेतच वाढली. भट्टीच्या आतले विटांचे अस्तर झिजते. ते काढून नवे बसवावे लागते. ‘कॅपिटल रिपेअर’ हा शब्द अशा घरांत अनोळखी नसतो. अस्तर बदललेली भट्टी जुनी की नवी, या वादात तेथे कोणी पडत नाही. धातू वाहू लागला म्हणजे झाले. (गावाचेही थोडेफार असेच घडले. करार झाला तेव्हा भिलाई नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होती, १९५६ मध्ये ती भोपाळकडे गेली, २००० मध्ये रायपूरकडे. घरे जागच्या जागी राहिली, पाट्या तेवढ्या बदलल्या.)

अशा विमानाविषयी तत्त्वचिंतकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो तादात्म्याचा. मारण्यासाठी घडविलेले यंत्र तारण्यासाठी वापरले, तर ते तेच यंत्र राहते काय? थीसिअसच्या जहाजाची एकेक फळी बदलली जाताना ग्रीकांना पडलेला पेच तो हाच. परंतु या प्रश्नाची खोली दिसते तेवढी नाही. पुष्पक विमान कुबेराचे होते. रावणाने ते बळाने हिरावून घेतले. त्याच विमानातून राम अयोध्येस परतला आणि पोहोचल्यावर त्याने ते कुबेराकडे पाठवून दिले. हरणाचा कलंक विमानाला चिकटला, असे कोणी मानले नाही. पुष्पकाविषयी लोकपरंपरेने जपलेली गोष्ट निराळीच आहे : कितीही जण चढले तरी त्यात आणखी एकाची जागा उरते. यंत्राच्या पूर्वजन्मापेक्षा त्यातील जागेचा विचार लोकमानसाला महत्त्वाचा वाटला, आणि तो योग्यच म्हटला पाहिजे.

प्रत्यक्षातील टिल्टरोटरमध्ये जागा मोजून असतात. १९८० मध्ये इराणमधील ओलिसांना सोडविण्याची अमेरिकेची मोहीम वाळवंटात फसली. हेलिकॉप्टरसारखे उतरणारे पण विमानासारखे दूर जाणारे वाहन हवे, या मागणीला त्या अपयशाने बळ दिले, आणि तीतून ‘ऑस्प्रे’ जन्मास आले. १९ मार्च १९८९ रोजी ते प्रथम उडाले. २००७ मध्ये लष्करी सेवेत रुजू झाले. त्यात २४ सैनिक बसतात. एप्रिल २००० मध्ये ॲरिझोनात उतरता उतरता ते कोसळले व आतील १९ जण मृत्युमुखी पडले. २०१३ मध्ये फिलिपाइन्समधील वादळानंतर आणि २०१५ मध्ये नेपाळमधील भूकंपानंतर मदत वाहून नेण्याच्या कामीही हेच यंत्र आले.

याच विमानाच्या पोटाखाली दूरनियंत्रणाने फिरणारी एक बंदूक २००९ मध्ये अफगाणिस्तानात बसविण्यात आली. तिचे वजन सुमारे ३६० किलो. तिचा उपयोग फारसा झाला नाही आणि वजन हे त्याचे एक कारण होते. माणशी ६० किलो धरले, तर त्या बंदुकीने सहा माणसांचे वजन अडविले. सरळ वर उठणाऱ्या यंत्राला हा हिशेब चुकत नाही, कारण धावत जाऊन उचल घेण्याची सवलत त्याला नसते; मे महिन्यातल्या भिलाईसारख्या तापलेल्या, विरळ हवेत तर उचल आणखी घटते.

नीतिशास्त्रातील सुप्रसिद्ध नौकेचा दृष्टान्त येथे अपुरा पडतो. १९७४ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी मांडलेल्या त्या नौकेत ५० माणसे आहेत, आणखी १० मावतील, आणि पाण्यात १०० जण हातपाय मारीत आहेत. कोणाला घ्यावे, की कोणालाच घेऊ नये? या मांडणीत नौकेचा आकार आधीच ठरलेला असतो, जणू तो निसर्गाने दिला आहे. नौका कोणी बांधली, तिच्यात काय भरले, कोणती पेटी समुद्रात टाकता येईल, हे प्रश्न पाण्यातल्या माणसाला विचारूच दिले जात नाहीत. मत्स्याने मनूला प्रलयाची वार्ता आधी सांगितली आणि नौका बांधावयास लावली. ती कथा निदान बांधणीपासून सुरू होते. विमान नव्याने सज्ज करणाऱ्यांची स्थिती मनूसारखी आहे. संकटाच्या क्षणी जो निर्णय क्रूर अपरिहार्यता म्हणून समोर येतो, त्याचा मोठा भाग त्यांनी कार्यशाळेतच, पाने आणि पकडी हाती असताना, घेऊन ठेवलेला असतो. चिलखती पत्रा हवा की स्ट्रेचर अडकविण्याचे आकडे, जादा इंधनाची टाकी की बाकांची आणखी एक रांग, हे वरवर तांत्रिक वाटणारे प्रश्न आहेत.

यावर बंदूकवाल्याचा आक्षेप दुबळा नाही. निःशस्त्र विमान पाडले गेले तर आत बसलेले सगळेच जातात. सहा जणांच्या लोभाने चोवीस गमवावेत काय? लुटारूंनी भरलेल्या भूमीत हा युक्तिवाद हसण्यावारी नेता येत नाही, आणि काही डावांत तोच खरा ठरतो. परंतु त्याच्या मोजणीत एक खोट आहे. खेळात ज्यांच्या नावाचा कागद असतो, ज्यावर बळ, चातुर्य, जखमा सारे लिहिलेले असते, ती फक्त खेळाडूंची पात्रे. खाली उरलेल्या सहा जणांचा कागद नसतो; ते सूत्रधाराच्या तोंडचे अर्धे वाक्य असतात. बंदुकीने वाचविलेले जीव ओळखीचे, तिने अडविलेले अनोळखी. अशा तराजूत बंदूक नेहमीच हलकी भरते. तेव्हा चांगल्या सूत्रधाराचे काम धोका वाढविणे हे नसून त्या सहा जणांना नावे देणे हे आहे : हा शिक्षक, ही गरोदर बाई, हा ज्याने रोटरची दांडी सरळ करून दिली तोच लोहार. मग बंदूक ठेवावयाची असेल तर खुशाल ठेवावी; निदान ती कोणाच्या जागेवर ठेवली हे ठाऊक असेल.

संगणकीय खेळात ही मोकळीक सहसा नसते. २०१५ च्या ‘फॉलआउट ४’ मध्ये खेळाडू व्हर्टिबर्डमध्ये चढतो तेव्हा त्याची जागा बंदुकीमागे असते. ती उतरवून तेथे बाक टाकण्याची सोय खेळ रचणाऱ्यांनी ठेवलेली नाही. सेक्टर १० मधल्या टेबलावरचा तक्ता पेन्सिलीने लिहिलेला आहे, आणि खोडरबर मुलांच्या हाताशी आहे.