अपा खबर, मामा?

भाची क्वालालंपूरला नोकरीला लागली आणि पहिल्या दिवाळीला वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या हिंगणीला आली. सेलूच्या एसटीतून उतरता उतरता तिनं विचारलं, "अपा खबर, मामा?" मी ती भाषा कधी ऐकली नव्हती, तरी तोंडातून उत्तर निघालं, "खबर चांगली हाये!" तिकडचं उत्तरही तेच, 'खबर बाइक'. बाइक म्हणजे चांगली. मलय भाषेचा माझा पहिला धडा असा थांब्यावरच झाला.

मग चार दिवस वही घेऊन बसलो. सकाळी 'सलामत पागी', दुपारी 'सलामत तंगाह हारी', दिवस कलला की 'सलामत पतांग', रात्री 'सलामत मालाम'. बोर नदीला पूर असताना कोणी पलीकडून घरी पोचला की आपण म्हणतो, सहीसलामत आला. तोच हा शब्द. अरबीतून तो इकडंही आला, तिकडंही गेला. वेळ शुभ असो एवढंच तिथला माणूस म्हणत नाही. या वेळेत तू सुखरूप राहा, असं म्हणतो. रोमन लिपीत या शब्दाच्या पहिल्या अक्षराला ई जोडलेला दिसतो, म्हणून आपल्यातले पुष्कळ जण 'सेलामत' वाचतात. तो उच्चार मात्र आपल्या 'अ'जवळचा आहे. मराठी माणसानं ही वही देवनागरीतच लिहावी. 'बाइक'मधला शेवटचा क तेवढा घशातच अडतो. त्याला आपल्याकडं अक्षर नाही, तो कानानंच शिकावा लागतो.

मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते निरोपाच्या शब्दांवर. निघणाऱ्याला राहणारा म्हणतो, 'सलामत जालान'. जालान म्हणजे वाट. तुझी वाट सुखाची होवो. आणि निघणारा मागं राहणाऱ्याला म्हणतो, 'सलामत तिंग्गाल', म्हणजे तू मागं राहतोस, तर सुखानं राहा. या दोन शब्दांची अदलाबदल चालत नाही. बोलण्याआधी माणसाला पाहावं लागतं की जाणारा कोण आणि राहणारा कोण. आपल्याकडं 'जातो' म्हणणं अशुभ, म्हणून आपण 'येतो' म्हणतो आणि दारातला माणूस 'या' म्हणतो. आपण परत येण्याचं वचन देतो, ते दोघांच्या सुखरूपतेची काळजी वाहतात. यात थोरलं-धाकटं ठरवण्यासारखं मला काही दिसत नाही. पण गाव सोडून लेकरं जात असताना मागं राहणाऱ्यासाठीही एक वेगळा शब्द असावा, ही गोष्ट माझ्या काळजाला भिडली.

नुसते शब्द पाठ करून मात्र भागत नाही. मलयमध्ये समोरच्याला थेट 'तू' किंवा 'तुम्ही' म्हणणं पुष्कळदा कोरडं, कधी उद्धट वाटतं. त्या जागी नातं येतं. अनोळखी वडीलधारा 'पाकचिक', म्हणजे काका. बाई 'माकचिक', म्हणजे मावशी. थोडा मोठा तरुण 'आबांग', म्हणजे दादा. भाचीच्या शेजारची माकचिक तिला रोज विचारते, "सुदाह माकान?" जेवली का वं? हेही तिथलं अभिवादनच. हिंगणीच्या ओट्यावर बसलेल्या कोणत्याही म्हातारीला हे समजावून सांगावं लागणार नाही.

हे ऐकून गावातले काही जण म्हणाले, मग ती आपलीच भाषा झाली. शब्द दिसतात खरे. 'भाषा'चं तिकडं 'बहासा', 'स्वामी'चं 'सुआमी' म्हणजे नवरा, 'दोष'चं 'दोसा' म्हणजे पाप. सुमात्रातल्या पालेम्बांगजवळचा जुन्या मलयमधला शिलालेख इ. स. ६८३ चा आहे. तो 'स्वस्ति श्री'नं सुरू होतो आणि त्यात शक ६०५, वैशाख शुद्ध एकादशी अशी तिथी दिली आहे. आपलं पंचांग आजही शकच मोजतं. पण शब्द समुद्रापार गेला की तो तिथल्या माणसांचा होतो. आपली 'चिंता' तिकडं 'चिंता'च राहिली, पण तिचा अर्थ झाला प्रेम. हा अर्थ त्यांचा आहे, तो त्यांच्याकडूनच शिकायला हवा. 'आमचंच तिकडं गेलं' एवढ्यावर थांबणारा अभिमान मला पोकळ वाटतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या पवनारच्या विनोबांनी 'जय जगत' म्हणायला शिकवलं. ते नुसती घोषणा देऊन थांबले नाहीत. भाषेमागून भाषा शिकले, कुराण अरबीतून वाचलं. जगाला रामराम घालायचा तर त्यातला एखादा तरी त्याच्या बोलीत असावा, हे मी त्यांच्यावरून समजतो.

'तरिमा कासिह' हा धन्यवादाचा शब्द. शब्दशः, प्रेम स्वीकारलं. 'आभारी आहे' म्हटलं की घरातल्या घरात परकेपणा वाटतो, तसा तो वाटत नाही. त्यावर समोरचा म्हणतो, 'सामा-सामा', इकडूनही तेच.

वर्ध्याकडची पुष्कळ लेकरं आता परमुलखात आहेत. तुमचं कोणी मलेशियात असेल, तर पुढच्या फोनवर त्याच्याकडून हे पाच-सात शब्द लिहून घ्या. त्याच्या शेजारच्या माकचिकला फोनवर बोलवा आणि तुम्ही आधी विचारा, "अपा खबर, माकचिक?"