साठीला आलेलं पहिलं पुस्तक

राफाएल सॅम्युएल या ब्रिटिश इतिहासकाराचं, एकट्याच्या नावावरचं पहिलं पुस्तक 1994 साली निघालं: 'थिएटर्स ऑफ मेमरी'. तेव्हा ते साठीला टेकले होते. डिसेंबर 1996 मध्ये ते गेलेच. आजच्या विद्यापीठात बढतीच्या फायलीला एवढंच जोडलं, तर ती पुढच्या टेबलावर सरकायची नाही.

मग इतकी वर्षं हा माणूस करत काय होता? 1962 पासून तो ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात शिकवत होता. गाव ऑक्सफर्ड असलं, तरी रस्किन त्या विद्यापीठातलं नव्हे. तिथे येत ते खाणकामगार, रेल्वे कामगार, संघटनांचे कार्यकर्ते. शाळा बहुतेकांची लवकर सुटलेली. त्यांच्याकडून पुस्तकांचे सारांश लिहून घ्यायचे, हे सॅम्युएलना पटेना. त्यांनी या मंडळींना थेट जुन्या दप्तरांत धाडलं. कोळसा खणणाऱ्यानेच खाणीचा इतिहास का लिहू नये? डेव्ह डग्लस या खाणकामगाराने डरहॅमच्या खाणींवर लिहिलं आणि 1972 साली ती पुस्तिका छापलीही गेली. या खटाटोपाचं नाव 'हिस्टरी वर्कशॉप'. इतिहासाचा कारखानाच म्हणा ना.

त्यांची स्वतःची टिपणं सुट्या कागदांवर असत, एका कागदावर एकच नोंद. कागद हवे तसे मागेपुढे करता येत. ढीग वाढत राहिला आणि पुस्तकं लांबत गेली, यात मला तरी नवल वाटत नाही.

उशिरा आलेल्या त्या पुस्तकात जुने फोटो आहेत, पुन्हा फॅशनमध्ये आलेल्या विटांच्या भिंती आहेत, हौशी संग्राहक आहेत. इतर विद्वान या सगळ्याला गतकाळाचा बाजार म्हणून नाकं मुरडत होते. सॅम्युएलना त्यात सामान्य माणसं आपला इतिहास घडवताना दिसली.

पण या कारखान्याचंही एक दार बंदच होतं. 1969 च्या एका बैठकीत इतिहासकार शीला रोबोथम यांनी स्त्रियांच्या इतिहासावर काम करणाऱ्यांनी एकत्र जमावं असं सुचवलं, तेव्हा सभागृहात हशा पिकला. पुढच्याच फेब्रुवारीत ब्रिटनमधली पहिली राष्ट्रीय स्त्रीमुक्ती परिषद भरली, तीही रस्किनमध्येच. ती भरवणाऱ्यांत सॅली अलेक्झांडर होत्या, सॅम्युएल यांच्याच विद्यार्थिनी.