विठ्ठल लऊळपर्यंत आला

अपंगत्व आलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे पहिली चौकशी होते ती कारणाची. जन्मजात असेल तर कुणाच्या तरी पापाचं फळ, पुढे आलेलं असेल तर नशिबाचे भोग. असं बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दुष्टावा नसतो. दुःखाला कारण सापडलं की ते सोसायला हलकं जातं, एवढाच त्याचा भाव असतो. पण या उत्तराची किंमत त्या माणसाला रोज मोजावी लागते. शरीर हीच शिक्षा ठरली की त्या शरीरात राहून हसणं, नटणं, गाणं शिकणं, संसार मांडणं या सगळ्याला शिक्षेत मिळालेल्या सवलतीची कळा येते. म्हणून अपंगत्वासह आनंदात जगता येतं का, हा प्रश्न मानसशास्त्राकडे जाण्याआधी धर्मविचाराच्या दारात उभा असतो. त्याचं चांगलं उत्तर आपल्याच परंपरेत आहे, ते पुढे आणायला आपण कमी पडलो, असं मला वाटतं. देह दुरुस्त झाला म्हणजे मग आनंद, असा काही क्रम नाही. आहे त्याच देहाने चाललेल्या कामात, आणि भोवतालच्या माणसांनी उचललेल्या त्यांच्या वाट्यात, तो घडत जातो.

आधी कर्माची गोष्ट संपवू. संयुत्त निकायात शिवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की माणसाला होणारं सगळं सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होतं असं काही जण म्हणतात, ते खरं का? बुद्ध एकेक कारण सांगत जातो: पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्र प्रकोप, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि सर्वांत शेवटी कर्मविपाक. आठांतलं एक. सगळा भार त्या एकावर टाकणारे लोक डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टीही नाकारतात, असं त्याचं म्हणणं आहे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईवडिलांचं? येशू दोन्ही नाकारतो. यावर कुणी म्हणेल, की कर्मसिद्धांतामुळे कित्येकांना धीर मिळाला आहे, तो का हिरावून घ्यायचा? धीर हिरावून घेऊ नये, हे मान्य. स्वतःच्या प्रारब्धाबद्दल ज्याने त्याने काय मानायचं ते मानावं. मात्र दुसऱ्याचं प्रारब्ध वाचून दाखवण्याचा अधिकार कर्मसिद्धांत कुणालाही देत नाही. आणि हा सिद्धांत मनापासून मानणाऱ्यालाही, आज हातून घडणारं क्रियमाण कर्मच महत्त्वाचं असतं.

आपल्या कथांमध्ये अपंग देहाचं काय होतं, हे पाहण्यासारखं आहे. वनपर्वातला अष्टावक्र बाप कहोडाच्या शापाने आठ ठिकाणी वाकडा जन्मतो. कोवळ्या वयात जनकाच्या यज्ञात जाऊन तो बंदी नावाच्या पंडिताला वादात हरवतो आणि त्याच्याशी वादात हरल्यामुळे बुडवल्या गेलेल्या बापाला सोडवून आणतो. एवढ्या पराक्रमानंतरही कथा तिथे थांबत नाही. बाप त्याला समंगा नदीत उतरायला सांगतो आणि त्याचे अवयव सरळ होतात. ज्ञान मिळालं, वाद जिंकला, तरी वाकडा देह तसाच राहू देणं कथाकाराला पटलेलं नाही. आता याच्याशेजारी वारकऱ्यांचा कूर्मदास ठेवा. हातापायांनी अधू असलेला हा भक्त पैठणहून सरपटत पंढरीच्या वाटेला लागला. आज सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात असलेल्या लऊळपर्यंत तो पोचला आणि तिथे त्याचं अंग थकलं. पुढे जाणं होईना, तेव्हा त्याने पंढरीला निघालेल्या वारकऱ्यांबरोबर निरोप धाडला आणि विठ्ठल स्वतः लऊळला आला. या कथेत कूर्मदासाला हातपाय फुटत नाहीत. देह जसा होता तसाच राहतो, अंतर देव कापतो. पांगळ्याला डोंगर ओलांडायला लावणाऱ्या कृपेचं वर्णन आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. मला त्याहून मोठी वाटते ती डोंगराच्या अलीकडे येऊन भेटणारी कृपा. कूर्मदासाचा आनंद खोटा होता, किंवा बरा झाला असता तर तो जास्त झाला असता, असं कोणताही वारकरी म्हणणार नाही.

कथेवर किती भिस्त ठेवायची, असं वाटत असेल तर अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज पाहा. जन्म 1881 चा, दृष्टी गेली ती तान्हेपणीच, आणि 1915 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, देह ठेवला. एवढ्या अवधीत त्यांच्या नावावर शंभराहून अधिक ग्रंथ आहेत. वेदान्त, भक्ती, आयुर्वेद, संगीत यांबरोबर डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचा प्रतिवादही त्यांत आहे. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात आणि दिव्यदृष्टीच्या गोष्टी सांगतात. त्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण त्या गोष्टींच्या प्रकाशात रोजचं काम झाकलं जातं. कुणीतरी पोथी वाचून दाखवत होतं, ते ऐकून मनात साठवत होते, मग सांगत होते आणि दुसरं कुणीतरी ते उतरून घेत होतं. वाचणारा अडखळला की पुन्हा वाचायचं, लिहिणारा मागे पडला की थांबायचं. ग्रंथ झाले ते या रोजच्या बैठकींतून. ही वाढ एकट्या आत्म्याने देहावर मिळवलेला विजय नव्हती. एका माणसाची जिज्ञासा आणि त्याच्याभोवतीच्या लोकांचे डोळे व हात, यांनी मिळून ती घडवली. आपलं तत्त्वज्ञान लिहिताना महाराजांनीही अद्वैतात भक्तीला जागा ठेवली आणि त्याला मधुराद्वैत म्हटलं. सगळं एकच आहे हे कळल्यावरही नात्याची गोडी उरते, हे त्यांना सोडायचं नव्हतं.

म्हणूनच ‘तू म्हणजे देह नव्हेस, तू आत्मा आहेस’ हे सांत्वन मला अपुरं वाटतं. सिद्धांत म्हणून ते कितीही खरं असो, पाठीत कळ येत असताना किंवा खुर्ची संडासाच्या दारातून आत जात नसताना ते ऐकवणं म्हणजे त्या माणसाला त्याच्या अडचणीसकट एकटं सोडणं आहे. जयपूर फूटची गोष्ट इथे फार शिकवते. पूर्वी मिळणारे पाश्चात्त्य धर्तीचे कृत्रिम पाय बुटात घालायचे असत. ते लावून मांडी घालता येत नसे, उकिडवं बसता येत नसे, चिखलातून चालता येत नसे. चप्पल काढून देवळात जाणाऱ्या आणि जमिनीवर बसून जेवणाऱ्या माणसाला त्यांचा उपयोग थोडा. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जयपुरात रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा असा पाय घडवला, की तो लावून अनवाणी चालता येतं, वाकता येतं, शेतात उतरता येतं. त्या पायाने नुसती चाल परत दिली नाही, पंगत परत दिली, गाभाऱ्याचा उंबरठा परत दिला. रोजचा आनंद असाच, अगदी ठोस गोष्टींचा बनलेला असतो. त्याला आत्म्यापेक्षा कमी दर्जाचा मानणं ही चूक आहे.

इथे दोन बाजूंनी हरकत येते, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिली अशी, की अपंगत्वातला आनंद हे मनाचं समाधान करून घेणं आहे, माणूस नाइलाजाला गोड नाव देतो. पण अभ्यास काही वेगळं सांगतात. गॅरी अल्ब्रेख्ट आणि पॅट्रिक डेव्हलीगर यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यम ते तीव्र अपंगत्व असलेल्या 153 जणांपैकी निम्म्याहून अधिकांनी आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं. बाहेरून पाहणाऱ्याला ते अशक्य वाटतं, कारण तो स्वतःला काय गमवावं लागेल एवढंच मोजतो. ज्याने त्या देहात वर्षं काढली, त्याचा दिवस इतर कशाकशाने भरलेला असतो. याविरुद्धचा पुरावाही मांडायला हवा. रिचर्ड लूकस यांनी 2007 मध्ये जर्मनी आणि ब्रिटनमधल्या दीर्घकालीन पाहण्या तपासल्या, तेव्हा अपंगत्व आल्यानंतर अनेकांचं जीवनसमाधान खाली जातं आणि पूर्ववत होत नाही, असं दिसलं. माणसाला सगळ्याची सवय होते, या सोप्या समजुतीला यामुळे धक्का बसतो, आणि तो बसायलाच हवा. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर आनंद शक्य आहे, पण आपोआप येत नाही, एवढं नक्की होतं.

दुसरी हरकत अपंगांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्यांची आहे, आणि ती मला जवळची वाटते. आनंदाचे गोडवे गायले की उतार, लिफ्ट, नोकरी, निवृत्तिवेतन यांची मागणी बोथट होते, असं ते म्हणतात. तसं घडतंही. एखाद्या जिद्दी माणसाचा सत्कार करून त्याला हार घालायचा, आणि ज्या व्यासपीठावर सत्कार झाला तिथे त्याला चौघांनी उचलून न्यायचं, हे दृश्य महाराष्ट्रात कुठेही दिसेल. पण मी मांडतो आहे तो आनंद मुळात साथीवर उभा असल्याने मागणीच्या आड येत नाही. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखल्या. कूर्मदासाच्या कथेच्या नजरेने पाहिलं तर ती दया नव्हे, समाजाने कापायचं अंतर आहे. ज्यांच्या वाट्याला बौद्धिक अपंगत्व आलं, त्यांच्यापाशी हा विचार अधिकच कसाला लागतो. ते गुलाबरावांसारखे ग्रंथ लिहिणार नाहीत, कदाचित आपलं नावही लिहिणार नाहीत. वाढ म्हणजे कर्तृत्व असं मानलं तर ते बाहेरच राहतात. पण काल अनोळखी माणसाला घाबरणारी मुलगी आज त्याच्या हातून पाण्याचा पेला घेते, ही वाढच आहे. ती तिच्याइतकीच तिच्याशी धीराने वागणाऱ्याचीही वाढ आहे.

तेव्हा देवळांच्या विश्वस्तांना, कीर्तनसप्ताह भरवणाऱ्यांना, सभागृहं बांधणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या उत्सवाचा खर्च मांडताना कळसाच्या रंगाआधी पायऱ्यांशेजारचा उतार, चाकाची खुर्ची आत जाईल एवढं दार आणि एक सोयीचं स्वच्छतागृह यांची रक्कम लिहा. आणि ते कसं बांधायचं, हे गावातल्या चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला आधी विचारा.